मीडियम फॉरमॅट फिल्म कॅमेरा व त्याची उपसाधने

सुमारे ६ सेंमी रुंदीच्या रोल फिल्मवर छायाचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यांना मीडियम फॉरमॅट कॅमेरे म्हणतात. त्यांची निगेटिव्ह ३५ मिमी फिल्मच्या निगेटिव्हपेक्षा बरीच मोठी, पण सुट्या शीट फिल्मवर चालणाऱ्या लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याच्या निगेटिव्हपेक्षा लहान असते. या वर्गातील अनेक कॅमेरे म्हणजे बॉडी, लेन्स, व्ह्यूफाइंडर आणि फिल्मचे मॅगझिन (फिल्म ठेवण्याची पेटी) अशा सुट्या भागांची जुळणी असते. ३५ मिमी कॅमेऱ्यात जी कामे आतल्या आत उरकली जातात, त्यांपैकी बरीचशी येथे छायाचित्रकाराला स्वतःच्या हाताने आणि ठरावीक क्रमाने करावी लागतात. हा क्रम अंगवळणी पडला की अर्धा कॅमेरा हाती आला असे समजायला हरकत नाही. उपसाधनांचेही तसेच आहे. ती या क्रमात नेमकी कुठे बसतात हे कळल्याशिवाय घेतली तर बहुधा पिशवीतच पडून राहतात.

फिल्म आणि चौकटीचे आकार : आज प्रचलित असलेली १२० क्रमांकाची फिल्म कोडॅकने १९०१ मध्ये नंबर २ ब्राउनी या साध्या पेटी कॅमेऱ्यासाठी बाजारात आणली. सव्वाशे वर्षांत तिचे बाह्य रूप फारसे बदललेले नाही. फिल्मच्या पाठीमागे पूर्ण लांबीभर, आणि दोन्ही टोकांना तिच्याही पलीकडे, एक अपारदर्शक कागद असतो व त्यावर चौकटींचे क्रमांक छापलेले असतात. ३५ मिमीप्रमाणे धातूचे डबडे नसल्यामुळे हा कागदच तिला प्रकाशापासून वाचवतो. १९६५ मध्ये आलेल्या २२० फिल्ममध्ये हा कागद फक्त दोन टोकांना ठेवून त्याच आकाराच्या रिळावर दुप्पट लांबी बसवण्यात आली होती. मोठ्या उत्पादकांनी ती आता बंद केली आहे. जुन्या कॅमेऱ्यांना लागणारी ६२० फिल्म मुळात १२० चीच असून तिचे रीळ तेवढे बारीक असते.

एकाच रुंदीच्या फिल्मवर कॅमेऱ्यानुसार वेगवेगळ्या चौकटी मिळतात. ६×४.५ मध्ये १५ किंवा १६, ६×६ मध्ये १२, ६×७ मध्ये १० आणि ६×९ मध्ये ८ चित्रे बसतात. विस्तीर्ण दृश्यांसाठीच्या ६×१७ कॅमेऱ्यात केवळ ४. हे आकडे सेंटिमीटरमधले आणि ढोबळ आहेत. ६×६ ची प्रत्यक्ष चौकट सुमारे ५६×५६ मिमी भरते. तरीही तिचे क्षेत्रफळ २४×३६ मिमी चौकटीच्या साडेतीन पटींहून अधिक होते, त्यामुळे तेवढाच मोठा प्रिंट काढताना निगेटिव्ह कमी वाढवावी लागते, फिल्मचे कण कमी दिसतात आणि करड्या छटांमधील उतार अधिक सलग उमटतो. याची किंमत फोकसच्या खोलीत, म्हणजे पुढे-मागे किती अंतर स्पष्ट उमटते त्यात, मोजावी लागते. ६×६ वरील सर्वसाधारण लेन्स ८० मिमीची असते आणि तिचे २.८ (छिद्राचा आकडा) अ‍ॅपर्चर ३५ मिमी कॅमेऱ्यावरच्या साधारण १.५ अ‍ॅपर्चरइतकी उथळ खोली देते. जवळून व्यक्तिचित्र घेताना डोळा फोकसमध्ये आणि कान बाहेर, असे सहज होते.

कॅमेऱ्यांचे प्रकार : ब्राउनश्वाइग येथील फ्रांके उंट हायडेके यांनी १९२९ मध्ये आणलेल्या रोलायफ्लेक्समुळे दोन लेन्सचा रिफ्लेक्स, म्हणजे आरशातून दृश्य दाखवणारा, कॅमेरा रूढ झाला. त्यात वरच्या लेन्समधून पाहायचे आणि खालच्या लेन्समधून चित्र घ्यायचे असते. आरसा स्थिर असल्याने धक्का बसत नाही आणि एक्स्पोजरच्या, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडण्याच्या, क्षणीही दृश्य दिसत राहते. याशिका मॅट, लुबिटेल आणि लेन्स बदलता येणारी मामिया सी मालिका याच घराण्यातील. एका लेन्सच्या रिफ्लेक्समध्ये हॅसेलब्लाडची ५०० मालिका (१९५७ पासून), ब्रोनिका, पेंटॅक्स ६×७ आणि मामिया आरबी६७ हे प्रमुख होत. मामिया ७ किंवा फुजीचे ६×९ यांसारखे रेंजफाइंडर (वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस करायचे कॅमेरे) आरशाविना चालतात आणि प्रवासात हलके पडतात. होल्गासारखे प्लॅस्टिकचे कॅमेरेही याच फिल्मवर चालतात, मात्र त्यांना फारशी उपसाधने लागत नाहीत.

फिल्म भरणे : हे काम सावलीत करावे, सावली नसेल तर निदान स्वतःच्या अंगाची सावली कॅमेऱ्यावर पाडावी. आधीच्या रोलचे रिकामे झालेले रीळ पुरवठ्याच्या बाजूने काढून गुंडाळणाऱ्या बाजूस बसवतात, म्हणजे प्रत्येक रोल पुढच्या रोलसाठी एक रीळ मागे ठेवून जातो. नव्या रोलवरची कागदी पट्टी तोडून कागदाचे निमुळते टोक रिकाम्या रिळाच्या खाचेत सरळ घालायचे आणि एकदोन वेढे देऊन ते मध्यभागी बसले आहे ना हे पाहायचे. कागदाची काळी बाजू नेहमी लेन्सच्या दिशेला असते. हॅसेलब्लाडच्या मॅगझिनमध्ये फिल्म उलट वळण घेते, त्यामुळे आतला सांगाडा हातात असताना काळी बाजू बाहेर दिसते आणि नवखा माणूस तिथे हमखास गोंधळतो. यानंतर कागदावरचा आडवा बाण कॅमेऱ्यातील खुणेशी येईपर्यंत फिल्म पुढे घ्यायची, झाकण बंद करायचे आणि हँडल अडेपर्यंत फिरवायचे. १९३७ पासूनच्या रोलायफ्लेक्स ऑटोमॅटमध्ये बाण जुळवावा लागत नाही. फिल्म जिथे कागदाला चिकटवलेली असते तिथली जाडी कॅमेऱ्यातील दोन रुळांना जाणवते आणि मोजणी आपोआप सुरू होते. मात्र कागद त्या रुळांच्या मधून न घेता वरून घेतला तर मोजणी सुरूच होत नाही आणि सगळा रोल कोरा गुंडाळला जातो.

जुन्या पेटी कॅमेऱ्यांत व घडीच्या कॅमेऱ्यांत पाठीवर लाल काचेची खिडकी असते आणि तीतून कागदावरचे क्रमांक वाचत फिल्म पुढे न्यायची असते. आजची पॅनक्रोमॅटिक फिल्म लाल प्रकाशालाही संवेदनशील असल्यामुळे ही खिडकी वाचण्यापुरतीच उघडी ठेवतात. रोल संपल्यावर उरलेला कागद पूर्ण गुंडाळून, रोल हाताने घट्ट आवळून धरत बाहेर काढतात, टोक आत दुमडतात आणि गोंदाची पट्टी ओली करून चिकटवतात. रोल सैल गुंडाळला गेला तर कडांनी प्रकाश शिरतो आणि निगेटिव्हच्या काठावर काळे पट्टे उमटतात.

मॅगझिन आणि डार्क स्लाइड : सुटे होणारे मॅगझिन हे या वर्गाचे सर्वांत उपयोगी उपसाधन आहे. रोल अर्धा झालेला असताना एका मॅगझिनमधील कृष्णधवल फिल्म बाजूला ठेवून दुसऱ्यातील रंगीत फिल्म वापरता येते. मॅगझिन काढण्यापूर्वी त्याच्या तोंडावर डार्क स्लाइड नावाचा पातळ धातूचा पत्रा सरकवावा लागतो. हॅसेलब्लाडमध्ये तो घातल्याशिवाय मॅगझिन सुटत नाही आणि काढल्याशिवाय शटर चालत नाही. पत्रा घालताना एक कोपरा आधी न घुसवता त्याची संपूर्ण कड एकदम आत न्यावी, कारण तिरका घातल्यास फटीतील प्रकाशरोधक पट्टी एका बाजूने उघडते आणि उन्हात तेवढाच प्रकाश पुरतो. ही पट्टी झिजणारा भाग आहे आणि वापरलेल्या मॅगझिनमध्ये ती बदलून घेणे बहुधा आवश्यक असते. बॉडी व मॅगझिन यांवरील लाल-पांढऱ्या खुणाही जुळलेल्या हव्यात; पांढरी म्हणजे सज्ज, लाल म्हणजे चित्र घेऊन झालेले. बॉडी सज्ज आणि मॅगझिन लाल असेल तर आधीच्याच चौकटीवर दुसरे चित्र पडते, आणि याउलट असेल तर एक चौकट कोरी जाते.

अशा एकमेकांत अडकलेल्या अटी प्रत्येक कॅमेऱ्याच्या वेगळ्या असतात. हॅसेलब्लाडच्या ५०० मालिकेत लेन्स काढता-घालताना बॉडी आणि लेन्स दोन्हीही ताणलेल्या, म्हणजे पुढच्या चित्रासाठी सज्ज, अवस्थेत असाव्या लागतात, नाहीतर यंत्रणा अडकून बसते. एक्स्पोजरनंतर आरसा वरच राहतो आणि हँडल फिरवेपर्यंत व्ह्यूफाइंडर काळा दिसतो. मंद वेग वापरताना लेन्समधील शटर बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत बटण दाबूनच ठेवावे लागते, कारण बोट आधी उचलल्यास बॉडीच्या मागच्या झडपा मिटून एक्स्पोजर अपुरे पडते. आरबी६७ मध्ये आरसा व शटर ताणण्याचा दांडा वेगळा आणि फिल्म पुढे नेण्याचा वेगळा असतो. या कॅमेऱ्याची पाठ मात्र जागच्या जागी फिरते आणि आडवे-उभे चित्र कॅमेरा न वळवता घेता येते. लेन्ससह अडीच किलोंहून अधिक वजनाच्या यंत्राला ही सोय हवीच होती.

व्ह्यूफाइंडर : मूळ रचनेत कॅमेरा कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर धरून वरून दुधी काचेच्या पडद्यात पाहायचे असते. तिथे प्रतिमा सुलटी दिसते, पण डावे-उजवे उलट झालेले असते. स्थिर विषयाला याची सवय लवकर होते, पळणाऱ्या मुलाच्या मागे कॅमेरा फिरवताना मात्र हात चुकीच्या दिशेला जातो. पडद्यावर उघडणारे भिंग बारीक फोकससाठी असते आणि ते न उघडता फोकस करणे म्हणजे अंदाजाचे काम. प्रिझम फाइंडर लावल्यास डावे-उजवे सरळ दिसते आणि कॅमेरा डोळ्यापर्यंत येतो, पण वजन चांगलेच वाढते. प्रिझमआधी अधिक उजळ फोकसिंग स्क्रीन घेणे हा बहुतेकांसाठी शहाणपणाचा खर्च ठरतो.

दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात पाहणारी लेन्स वर आणि घेणारी खाली असल्याने जवळच्या विषयाची चौकट सरकते. रोलायफ्लेक्समध्ये पडद्याखालची पट्टी सरकून ही दुरुस्ती करते. आणखी जवळ जाण्यासाठीच्या रोलायनार भिंगांच्या जोडीतील वरच्या भिंगातच प्रिझमसारखी तिरकस घडण असते, त्यामुळे ते नेमक्या दिशेने बसवावे लागते. मामियाच्या पॅरामेंडरचा उपाय अगदी सरळ आहे. ट्रायपॉड व कॅमेरा यांच्या मध्ये बसणारे हे साधन चौकट ठरवून झाल्यावर कॅमेरा दोन लेन्समधील अंतराइतका वर उचलते, आणि घेणारी लेन्स पाहणाऱ्या लेन्सच्या जागी येते.

एक्स्पोजर : यांतील अनेक कॅमेऱ्यांत लाइट मीटर नसतो, म्हणून हातातला मीटर हे आवश्यक साधन ठरते. पांढऱ्या घुमटाचा मीटर विषयाजवळ धरून त्यावर पडणारा प्रकाश मोजतो, तर एक अंशाचा स्पॉट मीटर दुरून एखाद्या सावलीचे वाचन देतो. निगेटिव्ह फिल्मसाठी सावलीनुसार आणि स्लाइड फिल्मसाठी उजळ भागानुसार एक्स्पोजर ठरवणे सुरक्षित असते. मीटर कॅमेऱ्याबाहेर असल्याचा परिणाम असा की लेन्ससमोर काय लावले आहे हे त्याला कळत नाही. पिवळ्या फिल्टरला साधारण १, नारिंगीला २ आणि लालला ३ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) स्वतः वाढवावे लागतात. दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात तर फिल्टर खालच्या लेन्सवर असतो आणि पडद्यावर त्याची काहीच खूण दिसत नाही.

जवळून चित्र घेताना लेन्स फिल्मपासून दूर सरकते आणि प्रकाश कमी होतो. ८० मिमी लेन्समागे २० मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब लावली, तर १०० भागिले ८० चा वर्ग, म्हणजे सुमारे १.५६ पट एक्स्पोजर लागते; हे साधारण दोन तृतीयांश स्टॉप झाले. वस्तू आणि प्रतिमा समान आकाराच्या असतील तर २ स्टॉप लागतात. आरबी६७ चा फोकस भात्यावर चालत असल्याने कुठल्याही लेन्सने बरेच जवळ जाता येते आणि दुरुस्तीचे प्रमाण भात्याच्या बाजूला कोरलेले असते. एका सेकंदापेक्षा लांब एक्स्पोजरमध्ये फिल्मची संवेदनशीलता घटते, त्यासाठी त्या-त्या फिल्मचा तक्ता पाहावा लागतो.

फ्लॅश वापरणाऱ्याला लेन्समधील पाकळ्यांचे शटर फार सोयीचे असते, कारण ते १/५०० सेकंदापर्यंत कोणत्याही वेगावर फ्लॅशशी जुळते आणि उन्हातही फ्लॅश वापरता येतो. पडद्याचे शटर असलेल्या पेंटॅक्स ६×७ ला १/३० वरच थांबावे लागते. जुन्या लेन्सवर एक्स आणि एम असा खटका असेल तर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी तो एक्सवर हवा. तो एमवर राहिला तर शटर पूर्ण उघडण्याआधीच फ्लॅश पडून जातो.

मजबूत ट्रायपॉड, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबण्याची तार) आणि आरसा आधी उचलण्याची सोय यांचा विचार एकत्रच करावा लागतो, कारण मोठ्या आरशाच्या धक्क्याने मोठ्या निगेटिव्हचा फायदा निघून जाऊ शकतो. लेन्स हूडला क्षुल्लक समजले जाते, पण एकपदरी लेप असलेल्या जुन्या लेन्सवर तो महागड्या फिल्टरपेक्षा अधिक फरक पाडतो.

डेव्हलपिंग : पूर्ण अंधारात कागद उलगडत गेल्यावर आधी फिल्मचे मोकळे टोक हाती येते आणि शेवटी चिकटपट्टी लागते. ती झटक्याने ओढल्यास अंधारात निळसर चमक दिसते, म्हणून ती सावकाश सोडवावी किंवा कापून टाकावी. रुंद फिल्म रिळावर चढवताना मध्येच वाकली तर चंद्रकोरीच्या आकाराचे डाग कायमचे उमटतात. प्लॅस्टिकच्या नेहमीच्या टाकीत १२० च्या एका रोलला सुमारे ५०० मिली द्रावण लागते, तर ३५ मिमीला ३०० मिलीच्या आसपास. स्कॅन करताना फिल्म काचेला टेकली की रंगीत वलये दिसतात, त्यामुळे फिल्म ताणून धरणारा होल्डर किंवा खरखरीत पृष्ठभागाची खास काच वापरतात.

वापरलेला कॅमेरा निवडताना : बहुतेक मॉडेलांचे उत्पादन थांबल्यामुळे खरेदी प्रायः वापरलेल्या मालाचीच असते. शटर १ सेकंदाच्या वेगावर अडखळत असेल तर आतले वंगण सुकलेले असते आणि त्याची सफाई करवून घ्यावी लागते. पाठीचा फोम चिकट झाला असेल तर तो बदलण्याचे काम घरीही जमते. हॅसेलब्लाड ५००सी/एम आणि आरबी६७ बॅटरीशिवाय चालतात. मामियाचाच आरझेड६७ आणि पेंटॅक्स ६×७ यांना बॅटरी लागते आणि त्यांच्यातील इलेक्ट्रॉनिक भाग निकामी झाल्यास सुटे भाग दुसऱ्या बंद पडलेल्या कॅमेऱ्यातूनच काढावे लागतात.