‘बग’ ऐकताच मेंदूत काय घडतं?

इंग्रजीतला ‘बग’ म्हणजे बोलीभाषेत कुठलाही बारीकसारीक किडा. कीटकशास्त्रज्ञ मात्र हे नाव हेमिप्टेरा गणासाठीच राखून ठेवतात. ढेकूण, मावा, सिकाडा असे सोंडेने रस किंवा रक्त शोषणारे कीटक त्यात येतात. झुरळ त्यांच्या लेखी बग नव्हे. शिवाय पोट बिघडवणारा जंतू हाही बग, चोरून संभाषण ऐकण्यासाठी दडवलेला मायक्रोफोनही बग, आणि कुणाला सतावणं म्हणजे त्याला ‘बग’ करणं.

संगणकातल्या बगचा जन्म 1947 साली झाला, असं अनेकदा सांगितलं जातं. त्या सप्टेंबरात हार्वर्ड मार्क 2 या संगणकाच्या रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या एका स्विचमध्ये, एक पतंग अडकलेला सापडला आणि तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवला. पण ‘बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना’ असं त्यांनी शेजारी लिहिलं, त्याअर्थी बिघाडाला बग म्हणायची रीत आधीपासून होती. एडिसनच्या 1878च्या पत्रातही ती दिसते.

इतके अर्थ असूनही ऐकणारा अडखळत कसा नाही? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी 1979 साली यावर एक अतिशय देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागी लोक हेडफोनवर वाक्य ऐकत होते: खोलीच्या कोपऱ्यात त्या माणसाला कोळी, झुरळं आणि इतर बग्ज सापडले. ‘बग्ज’ कानावर पडताक्षणी पडद्यावर काही अक्षरं झळकत. हा खरा शब्द आहे की नाही, एवढंच झटपट ठरवायचं. ‘मुंगी’साठीचा इंग्रजी शब्द लोकांनी लवकर ओळखला, यात नवल नाही. पण ‘गुप्तहेर’साठीचा शब्दही ‘शिवणे’सारख्या असंबद्ध शब्दापेक्षा लवकर ओळखला गेला! कोळी आणि झुरळांचा उल्लेख होऊनही मायक्रोफोनचा अर्थ मेंदूत जागा झालाच होता. ‘बग्ज’नंतर वाक्य आणखी तीन उच्चारांनी (सिलॅबल्सनी) पुढे गेल्यावर तीच चाचणी घेतली, तेव्हा फक्त मुंगीच उरली होती. ऐकणाऱ्याला या निवडीची जाणीवही होत नाही.

पुढे 1988 साली सुसान डफी, रॉबिन मॉरिस आणि कीथ रेनर यांनी वाचणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. तेव्हा या चित्रात भर पडली. संदर्भ जर शब्दाच्या कमी वापरातल्या अर्थाकडे नेणारा असेल, तर नजर त्या शब्दावर अधिक काळ रेंगाळते. वाक्यातून अर्थ स्पष्ट होत असला, तरी रोजच्या वापरातला अर्थ मध्ये येतो.