खाऱ्या पाण्याच्या पूलमधला क्लोरीन

खाऱ्या पाण्याचा स्विमिंग पूल म्हणजे बिनक्लोरीनचा पूल, असा समज अगदी पक्का बसलेला आहे. तो चुकीचा आहे. त्या पाण्यातले जंतू मीठ मारत नाही, क्लोरीनच मारतो. फरक एवढाच, की डब्यातून ओतण्याऐवजी तो पंपाच्या खोलीत, विजेच्या जोरावर, मिठापासून तिथल्या तिथे तयार होतो. हे लक्षात आलं की अशा पूलची देखभाल कशाभोवती फिरते तेही कळतं, आणि ती मिठाभोवती फारशी फिरत नाही.

मीठ असतं तरी किती? समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम, आपल्या अश्रूंमध्ये सुमारे ९ ग्रॅम आणि अशा पूलमध्ये जेमतेम ३ ग्रॅम, म्हणजे ३,००० पीपीएम (दहा लाख भागांत ३,००० भाग). आठ मीटर लांब, साडेचार मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल पूलमध्ये सुमारे ५० हजार लिटर पाणी मावतं. त्याला सुरुवातीला दीडशे किलो मीठ लागतं, म्हणजे पन्नास किलोची तीन पोती. मीठ शुद्ध हवं, आयोडीन न घातलेलं. पेण-उरणकडच्या मिठागरातलं जाडं मीठ घ्यायचा मोह होतो, पण त्यात मातीबरोबर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार येतात आणि पुढचा त्रास त्यांचाच असतो.

फिल्टरमधून गाळून आलेलं पाणी पूलमध्ये परतण्याआधी एका नळकांड्यातून जातं. हा सेल. आत टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या असतात आणि त्यांच्यावर रुथेनियम, इरिडियम अशा महाग धातूंच्या ऑक्साइडचा मुलामा असतो. कमी दाबाचा डीसी प्रवाह सोडला की धनाग्रावर, म्हणजे प्रवाहाच्या धन टोकाला जोडलेल्या पट्टीवर, मिठातल्या क्लोराइडचा क्लोरीन होतो आणि ऋणाग्रावर, म्हणजे ऋण टोकाच्या पट्टीवर, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. मायकेल फॅरेडेने १८३०च्या दशकात मांडलेला हिशेब इथे जसाच्या तसा लागू पडतो: एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला की एका धनाग्रावर फार तर १.३ ग्रॅम क्लोरीन मिळतो. हा क्लोरीन पाण्यात विरघळून हायपोक्लोरस आम्ल बनतं, ते जंतू मारतं, आणि काम झाल्यावर पुन्हा क्लोराइड होतं. तेच मीठ पुन्हा सेलकडे जातं.

म्हणूनच क्लोरीन कमी पडला की मिठाचं आणखी एक पोतं ओतणं व्यर्थ आहे. मीठ ठरलेल्या पातळीत असेल तर क्लोरीन वाढवायला पंपाचे तास वाढवायचे किंवा यंत्रावरची क्लोरीन बनवण्याची टक्केवारी. मीठ ना संपतं, ना वाफेबरोबर उडतं. ते जातं फक्त पाण्याबरोबर: बॅकवॉशमध्ये, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुऊन ते पाणी सोडून देताना, उड्या मारताना उडालेल्या पाण्यात आणि आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्यात. वरच्याच पूलमध्ये ३०० मिलिमीटर पाऊस पडून तेवढं पाणी काठावरून वाहून गेलं, तर जवळजवळ एक पंचमांश मीठ जातं, म्हणजे सुमारे ३० किलो. लोणावळ्यात जुलैमध्ये एवढा पाऊस दोन-तीन दिवसांतही होतो. मीठ फार उतरल्यावरही सेल तसाच चालवला तर पट्ट्यांवरचा मुलामा लवकर झिजतो, त्यामुळे पावसाळाभर मीठ दर आठवड्याला मोजलेलं बरं.

खरी मेख पीएचमध्ये, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याच्या मापात आहे. आकडा जितका वर, तितकं पाणी अल्कधर्मी. खाऱ्या पूलचा पीएच सतत वर चढतो. ऋणाग्रावर अल्कली तयार होते हे खरं, पण क्लोरीन वापरला गेला की त्यातून निघणारं आम्ल तिला जवळपास फेडून टाकतं. चढ येतो तो मुख्यतः बुडबुड्यांमुळे. हायड्रोजनचे बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आपल्यासोबत बाहेर नेतात. सोडा वॉटरची बाटली हलवल्यावर होतं तेच. हा वायू पाण्यात आम्लाचं काम करत असतो. तो गेला की पीएच वाढला.

आणि पीएच वाढला की क्लोरीन असून नसल्यासारखा होतो. पीएच ७.२ असताना मोकळ्या क्लोरीनचा सुमारे दोन तृतीयांश भाग जहाल अशा हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, ७.५ला निम्मा आणि ८ला जेमतेम पाव. उरलेला हायपोक्लोराइट जंतू मारण्यात कितीतरी पट दुबळा. टेस्ट किट ३ पीपीएम दाखवत असतानाही भिंती हिरव्या आणि बुळबुळीत होतात, त्याचं एक नेहमीचं कारण हे. पीएच ७.२ ते ७.६ ठेवायचा आणि त्यासाठी हायड्रोक्लोरिक ऍसिड थोडं थोडं घालायचं. ऍसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ऍसिडमध्ये कधीच नाही. ऍसिड आणि ब्लिचिंग पावडर एका खोलीत शेजारी ठेवू नका. दोन्ही एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू निघतो आणि पंपाच्या बंद खोलीत तो जीवघेणा ठरतो.

चढलेल्या पीएचची दुसरी शिक्षा सेलला मिळते. ऋणाग्राजवळचं पाणी पूलमधल्या पाण्यापेक्षा बरंच अल्कधर्मी असतं, आणि पाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं, असेल तर तिथे कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा, खरखरीत थर बसतो. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर भरलेल्या पूलमध्ये हे हमखास होतं. पट्ट्यांमधली फट बुजली की क्लोरीन घटतो. बरीच यंत्रं दर काही तासांनी प्रवाहाची दिशा उलटवतात, म्हणजे थर आपोआप सुटतो. पूलच्या तळाशी दिसणारे पांढरे पापुद्रे ते हेच. तरीही थर राहिला तर वीज बंद करून सेल काढावा आणि दहा भाग पाण्यात एक भाग ऍसिड घातलेल्या द्रावणात, फसफस थांबेपर्यंत ठेवावा. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायला जाऊ नये, मुलामा निघतो. दर महिन्याला सवय म्हणून ऍसिडने धुणंही मला पटत नाही, कारण प्रत्येक धुण्यात मुलामा थोडा झिजतोच.

उन्हाचाही विचार हवा. उघड्या पूलमधला क्लोरीन कडक उन्हात दोन-तीन तासांत बहुतांश नाहीसा होतो. सायन्युरिक आम्ल, म्हणजेच पूलवाले ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात ते, त्याला सांभाळतं. पण प्रमाण वाढलं तर ते क्लोरीनला इतकं धरून ठेवतं की त्याचं काम मंदावतं, आणि एकदा वाढलेलं प्रमाण व्यवहारात पाणी बदलूनच उतरतं.

टेस्ट किटची एक गफलत माहीत असावी. क्लोरीन मोजायला नमुन्यात टाकतात त्या डीपीडी नावाच्या रसायनाच्या गोळीने पाणी क्लोरीनच्या प्रमाणात गुलाबी होतं. पण क्लोरीन खूपच जास्त असला तर तो रंगच उडवतो. गोळी टाकताच क्षणभर गुलाबी छटा येऊन पाणी पुन्हा स्वच्छ झालं, तर क्लोरीन शून्य आहे असं समजू नका. नमुन्यात तितकंच साधं पाणी मिसळून पुन्हा मोजा.

बॅकवॉशचं पाणी बागेत सोडायची सवय मात्र सोडावी लागेल. लिटरला ३ ग्रॅम मीठ पोहणाऱ्याला जाणवत नाही, पण भाजीपाल्याला आणि बहुतेक फळझाडांना ते सोसत नाही, आणि मीठ जमिनीत साचत जातं.