पू तपासायला देणं म्हणजे पैसे वाया?

"जास्त पॉवरची गोळी घ्या, पू आटतो. तपासणी कशाला?" सोलापुरात हे वर्षानुवर्षं ऐकतोय. यंत्रमागावर दिवसभर उभा राहणारा, शुगर असलेला माणूस पायाची जखम दाखवायला येतो तो दोन-तीन प्रकारच्या गोळ्या संपवूनच. फार वाईट वाटतं.

प्रश्न पॉवरचा नसतोच. त्या जंतूवर ते औषध चालतं का, एवढाच असतो. लॅबमध्ये हे डोळ्यांना दिसतं. बशीत जंतू पसरून वर औषधांच्या कागदी टिकल्या ठेवतात. रात्रभर ३५ अंशांच्या उबेत ठेवल्यावर चालणाऱ्या टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो. तो मिलिमीटरमध्ये मोजून तक्त्याशी ताडतात. न चालणाऱ्या टिकलीला जंतू अगदी चिकटून वाढलेले असतात किंवा गोल तक्त्यातल्या मापापेक्षा लहान पडतो, मग ते औषध कितीही महाग असो.

नमुना मात्र शक्यतो गोळी सुरू होण्याआधी, जखम सलाईनने धुऊन, आतल्या भागातून घ्यायला हवा. वरवरचा पू पुसून दिला तर बऱ्याचदा कातडीवरचेच जंतू उगवतात. रिपोर्टला २-३ दिवस लागतात. ताप असेल, लाली पसरत असेल तर डॉक्टर तोवर थांबत नाहीत; अंदाजाने औषध देतात, रिपोर्ट पाहून गरज पडल्यास बदलतात. आणि हो, जखमेत संसर्गाची लक्षणंच नसतील तर ही तपासणी लागत नाही.