हवा आत जाते, अडते ती बाहेर येताना

अंघोळ करून आत्या बाहेर आली की पंधरा-वीस मिनिटं पलंगाच्या कडेला बसून राहते. दोन्ही हात मांड्यांवर रोवलेले, मान पुढे, बोलणं बंद. कोविडच्या साली घरोघरी ऑक्सिमीटर आले, तसा तिच्याकडेही आहे. मुलगा तो बोटाला लावतो, ९४ आकडा येतो आणि घरात निकाल लागतो: ऑक्सिजन तर बरा आहे, मग धाप कसली? वजन वाढलंय, नाहीतर मनाचे खेळ!

हा निकाल ऐकून मी इतक्या वेळा चिडलोय की शेवटी हा लेख लिहायला घेतला. ऑक्सिमीटर फक्त रक्तातलं किती हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेऊन चाललंय ते सांगतो. तो ९४ चा आकडा टिकवायला छातीच्या स्नायूंना किती राबावं लागलं, हे त्याला कळत नाही. पगार किती आला ते पासबुकात दिसतं, त्यासाठी किती ओव्हरटाइम केला ते दिसत नाही, तसंच.

आत्याला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या आणि फुप्फुसं कायमची खराब करणारा जुनाट आजार. आयुष्यात तिने कधी विडी ओढली नाही, पण जुन्नरकडच्या घरात चाळीस वर्षं चूल फुंकली. धूम्रपान न करणाऱ्यांतही हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखात ठळकपणे मांडलं. त्यात चुलीचा धूर हे मोठं कारण. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ मध्ये या आजाराने जगात ३५ लाख माणसं दगावली. आपल्याकडे सगळ्यालाच 'दमा' म्हणतात. पण दम्यात आवळलेल्या नळ्या बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात, सीओपीडीतली मोडतोड मात्र भरून येत नाही. औषधाने आराम पडतो, पण उरलेल्या दमात दिवस कसा काढायचा हा प्रश्न राहतोच.

मोडतोड नेमकी कशाची, हे मला या विषयातलं सर्वांत आवडतं प्रकरण आहे, तेव्हा जरा थांबून सांगतो.

श्वास आत घ्यायला कष्ट पडतात, सोडायला पडत नाहीत. आत घेताना छाती-पोटामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, खाली ओढलं जातं आणि फुप्फुस ताणलं जातं. सोडताना ताणलेलं रबर आपोआप परत येतं. फुप्फुसात ३० ते ५० कोटी वायुकोश, म्हणजे हवेचे इवलेसे फुगे आहेत आणि त्यांच्या पातळ भिंती दोन कामं करतात. एक, रबराचं. दुसरं काम जास्त सुंदर आहे. अगदी बारीक श्वासनळ्यांना कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वर लागतं तसल्या लवचीक हाडाचा, आधार नसतो, आणि या भिंती त्यांना चहूबाजूंनी ओढून उघड्या ठेवतात, मंडपाचा खांब तणाव्यांनी ताठ ठेवावा तसं. वर्षानुवर्षांच्या धुराने भिंती झिजतात, फाटतात. रबर सैल पडतं आणि तणावेही तुटतात.

आता अशा माणसाने जोर लावून श्वास सोडायचा प्रयत्न केला तर? वायुकोशातला दाब म्हणजे छातीतला दाब अधिक फुप्फुसाचा स्वतःचा ताण. तिथून तोंडाकडे येताना नळीतला दाब कमी कमी होत जातो, आणि वाटेत एक जागा अशी येते जिथे नळीच्या आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. तिच्या पुढे बाहेरचा दाब वरचढ. निरोगी माणसात ही जागा कूर्चेच्या जाड नळ्यांमध्ये पडते, तिथे काही बिघडत नाही. फुप्फुसाचा ताण कमी झाला की ती खोल सरकते, थेट तणावे तुटलेल्या बारीक नळ्यांपर्यंत. मग नळी चपटी होते, भिजलेली कागदी स्ट्रॉ ओढताना होते तशी. जास्त जोर लावला तर छातीतला दाब वाढतो आणि नळी आणखीच दाबली जाते, म्हणजे जोर फुकट. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर एवढंच धरून ठेवा: हवा आत जाते, बाहेर येताना अडकते.

आणि बाहेर यायला तिला वेळ लागतो. मिनिटाला १५ श्वास असतील तर एका श्वासाला ४ सेकंद, त्यातले अडीचेक सोडायला. घाई झाली, श्वास ३० वर गेले, की सगळा मिळून वेळ २ सेकंद आणि सोडायला जेमतेम एक. बस निम्मीच रिकामी झालेली असताना नवे प्रवासी चढायला लागावेत, तसं. श्वासागणिक थोडी थोडी हवा मागे उरते आणि छाती फुगत जाते.

हे कसं वाटतं ते स्वतः पाहा. (हृदयाचा किंवा छातीचा त्रास असणाऱ्यांनी पाहू नये.) खुर्चीत बसून पूर्ण श्वास घ्या, त्यातला थोडासाच सोडा, आणि आता त्याच्या वरच वर लहान लहान श्वास घेत राहा, पूर्ण सोडू नका. सात-आठ श्वासांतच पुरे म्हणाल. गंमत म्हणजे त्या क्षणी 'हवा आत जात नाहीये' असंच वाटतं. आत्याही हेच सांगते. आत जागाच नाही, कारण आधीची हवा बसून आहे. त्यात फुगलेल्या छातीने श्वासपटल घुमटासारखं उरत नाही, ताटासारखं सपाट होतं, आणि सपाट स्नायूला खाली ओढायला काही उरतच नाही.

मग काम कुणी करायचं? मानेचे आणि छातीच्या वरच्या भागाचे स्नायू बरगड्या वर खेचायला लागतात. आता हेच स्नायू खांदे आणि हात सांभाळतात. बॉस्टनमधल्या बार्तोलोमे सेली आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दाखवलं की पायांच्या व्यायामात ठीक असलेले असे रुग्ण आधाराशिवाय हात उचलून व्यायाम करताना लवकर थकतात, आणि काहींच्या छातीची आणि पोटाची लयच बिघडते. पायांनी चालताना नाही, पण वेणी घालताना धाप लागते, याचं उत्तर इथे आहे. नाटक नाही ते.

आता आत्याची अंघोळ बघा. भरलेली बादली उचलताना श्वास रोखला जातो. बुटक्या स्टुलावर वाकून बसलं की पोट श्वासपटलावर दाबतं. तांब्या डोक्यावर, केस धुवायला दोन्ही हात वर, मग पाठ पुसायला टॉवेलची ओढाताण. नुसतं बसून राहायला लागते ती ऊर्जा १ धरली तर उभ्याने अंघोळ करून अंग पुसायला साधारण २ लागते. तुमची-माझी कमाल ताकद ८-१० च्या घरात असते, गंभीर सीओपीडीत ती ३-४ वर येऊ शकते. म्हणजे निम्मी किंवा त्याहून जास्त ताकद मोरीतच खर्च.

वाचवायची कशी, ते याच यंत्रणेतून निघतं. मोरीत पाठ असलेली प्लास्टिकची खुर्ची. बादली अर्धीच भरायची किंवा नळाखालीच ठेवायची. अंग पुसण्यापेक्षा जाड सुती गाऊन घालून बसायचं, तो पाणी टिपून घेतो. रोजचे डबे फडताळाच्या वरच्या कप्प्यातून ओट्यावर. केस विंचरताना कोपर टेबलावर टेकलेले. जोराचा भाग श्वास सोडताना, हलका भाग घेताना. आणि ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा: चंबूमुळे तोंडाशी थोडा दाब राहतो, त्यामुळे त्या बारीक नळ्या उशिरा मिटतात, श्वासांची गतीही उतरते. चाळीस वर्षं फुंकणीला तोंड लावलेल्या बाईला हे शिकवायला गेलो तेव्हा ती हसली. फरक एवढाच की ही फुंकर चुलीसाठी नाही, बशीतल्या चहासाठी घालतात तेवढी हलकी हवी.

मांड्यांवर हात रोवून बसणं तिला कुणी शिकवलं नाही. खांदे टेकले की तेच स्नायू बरगड्यांना मोकळे होतात, आणि पुढे झुकलं की पोट श्वासपटलाला थोडा घुमट परत देतं. मॉलमध्ये ढकलगाडीवर रेलून ती सुनेच्या पुढे चालते, तेही यामुळेच.

शेजारच्या बाईंनी तिला मृग नक्षत्राला हैदराबादला जाऊन औषध भरलेला जिवंत मासा गिळायचा सल्ला दिला होता. मासा अन्ननलिकेतून पोटात जातो, फुप्फुसाच्या रस्त्याला लागतच नाही, आणि लागला तर ती वेगळीच आणीबाणी. 'फुप्फुसं साफ करणारे' काढे विकणाऱ्यांनाही माझा तोच प्रश्न आहे: तुटलेले तणावे काढा कसे बांधतो?

एक गैरसमज मात्र आमच्या घरातलाच. दम वाचवायचा म्हणजे पडून राहायचं, असं मुलाने ठरवलं आणि तिचं खाली बागेत जाणं बंद केलं. पडून राहिलं की पायांचे स्नायू वाळतात, मग तेवढ्याच चालण्याला जास्त श्वास लागतो. वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ६५ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. देखरेखीखालच्या व्यायामाने सीओपीडीत धाप आणि थकवा कमी होतो, हे त्यातून दिसलं. (प्रत्येक दीर्घ आजाराला हे लागू नाही. कोविडनंतरच्या थकव्याच्या काही प्रकारांत श्रमांनी तब्येत आणखी बिघडते.) मोरीत वाचवायचं ते बागेत खर्च करायला. डॉक्टरांनी हेच सांगितल्यावर मुलाने ऐकलं, माझं ऐकलं नव्हतं.

खुर्चीवर आत्या महिनाभर रुसली होती. "बसून अंघोळ करायला मी काय आजारी आहे?" आता बसते. कपडे वाळत घालणं मात्र तिने सोडलेलं नाही, सून नीट झटकत नाही म्हणून. गॅलरीतली दोरी तेवढी तिने खांद्याच्या खाली बांधून घेतलीय, आणि साड्या फरशीला टेकू नयेत म्हणून चौपदरी घडी घालते.