अ‍ॅक्सेस पॉइंट आणि स्विचमधला व्हीलॅनचा घोळ शोधणं

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर (नेटवर्कच्या वायरी जोडायच्या डब्यावर) आणि त्याच वायरींवर वेगवेगळी नेटवर्कं चालवायची सोय, ऑफिसचं वेगळं, पाहुण्यांचं वेगळं. फ्रेम (डेटाचं पाकीट) कुठल्या नेटवर्कची हे कळावं म्हणून तिच्यात ४ बाइटचा टॅग घालतात, त्याचं स्टँडर्ड आयईईई ८०२.१क्यू, १९९८ साली आलेलं. टॅगमध्ये नंबरसाठी १२ बिट, म्हणून वापरता येणारे नंबर १ ते ४०९४. अ‍ॅक्सेस पॉइंटवर, म्हणजे वायफाय देणाऱ्या एपीवर, प्रत्येक एसएसआयडीला (वायफायच्या नावाला) एक व्हीलॅन नेमलेला असतो, पण मोबाइलला या टॅगचा पत्ताही नसतो, टॅग लागतो तो ट्रॅफिक एपीतून वायरीवर उतरताना.

नेहमीची तक्रार अशी की वायफाय कनेक्ट होतं, सिग्नल फुल, पासवर्डही बरोबर, पण आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळत नाही किंवा विंडोजवर १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतो. मग लोक चॅनेल बदलतात, एपी रिस्टार्ट करतात, आणि दोष बिचाऱ्या वायफायला जातो. खरं तर पासवर्ड चालला म्हणजे रेडिओचं काम बहुतेक झालंय, डीएचसीपीची, म्हणजे आयपी मागणारी, रिक्वेस्ट पुढे वायरीवर कुठेतरी मरतेय.

समजा स्विचवरचा एपीचा पोर्ट अ‍ॅक्सेस मोडमध्ये, म्हणजे एकाच व्हीलॅनचा, आहे, व्हीलॅन १० मध्ये, आणि गेस्ट एसएसआयडी २० वर. एपीचं स्वतःचं मॅनेजमेंट ट्रॅफिक बिनटॅगचं असतं, ते १० मध्ये मजेत जातं, त्यामुळे कंट्रोलरमध्ये (सगळे एपी सांभाळणाऱ्या यंत्रणेत) एपी हिरवा दिसतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं, पण गेस्टच्या फ्रेम २० चा टॅग घेऊन येतात आणि स्विच त्या गुपचूप टाकून देतो. इथे पोर्ट ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन नेणारा, हवा, १० नेटिव्ह (बिनटॅगचा) आणि २० टॅग्ड. उलट नेटिव्हच चुकला तर एपीच ऑफलाइन जातो. आणि गेस्टवाल्याला ऑफिसच्या रेंजचा आयपी मिळाला, तर एसएसआयडीला व्हीलॅन लावायचाच राहिलाय का ते आधी बघा.

शोधायची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे स्विचचं मॅक टेबल, कुठल्या यंत्राचा मॅक (ओळख-नंबर) कुठल्या पोर्टवर दिसला याची यादी. मोबाइल जोडायचा आणि त्याचा मॅक कुठल्या पोर्टवर, कुठल्या व्हीलॅनमध्ये दिसतो ते बघायचं (नव्या फोनमध्ये मॅक रँडम असतो, त्या वायफायच्या सेटिंगमध्ये दिसतो तोच धरा). एपीच्या स्विचवर २० मध्ये दिसला पण पुढच्या स्विचवर नाही, तर मधल्या अपलिंकवर (दोन स्विच जोडणाऱ्या वायरीवर) २० ला परवानगी नाही, किंवा एखाद्या स्विचवर तो व्हीलॅन बनवलेलाच नाही. सगळीकडे दिसतोय आणि तरी आयपी नाही, मग डीएचसीपी रिले (रिक्वेस्ट दुसऱ्या नेटवर्कमधल्या सर्व्हरकडे पोचवणारा) किंवा स्नूपिंग (खोटे डीएचसीपी सर्व्हर अडवणारं) तपासा. दुसरा उपाय, त्याच स्विचचा एक रिकामा पोर्ट २० चा अ‍ॅक्सेस करून लॅपटॉप लावायचा, आयपी आला तर घोळ एपी आणि त्याच्या पोर्टमध्येच.

सिस्कोवर ट्रंकच्या अलाउड लिस्टमध्ये (परवानगी असलेल्या व्हीलॅनच्या यादीत) नवा व्हीलॅन घालताना ‘अ‍ॅड’ शब्द राहिला तर जुनी अख्खी लिस्ट उडते आणि फक्त नवा उरतो, अपलिंकवर हे झालं की मजलाच बंद. एचपीच्या जुन्या प्रोकर्व्ह स्विचवर ट्रंक म्हणजे तर लिंक अ‍ॅग्रिगेशन (अनेक वायरी एकत्र बांधणं), तिथे टॅग्ड-अनटॅग्ड अशीच भाषा. आणि एपी टनेल मोडमध्ये असेल, म्हणजे क्लायंटचं ट्रॅफिक कॅपवॅपमधून (एपी आणि कंट्रोलरमधल्या बोगद्यातून) थेट कंट्रोलरकडे जात असेल, तर एपीच्या पोर्टवर डोकं फोडून काही उपयोग नाही, तिथे साधा अ‍ॅक्सेस पोर्ट पुरतो, व्हीलॅन कंट्रोलरच्या पोर्टवर शोधावे लागतात.