मिसळीत न सापडणारं जीवनसत्त्व

रविवारी सकाळी आम्ही गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो की माझी भाची दह्याची वाटी न बोलता माझ्याकडे सरकवते. दोन वर्षांपूर्वी तिनं दूध, दही, तूप, पनीर सगळं सोडलं. अंडी-मटण आमच्या घरात आधीपासूनच नव्हतं. त्यामुळे ताईनं, म्हणजे तिच्या आईनं, डोक्याला हात लावला : "मग आता ही खाणार तरी काय?"

मी ताईला समोरची ताटलीच दाखवली. मोड आलेली मटकी, तर्री, कांदा, कोथिंबीर, लिंबू, पाव. दही आणि पावाला लावलेलं लोणी बाजूला केलं, तर नाशिकची मिसळ मुळातच वीगन आहे, म्हणजे तिच्यात प्राण्यांपासून आलेलं काहीच नाही. 'वीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी रूढ केला. पण बिनदुधाचं पोटभर जेवण हे काही आपल्याकडे बाहेरून आलेलं नाही. त्यामागचं शास्त्र आपल्या आज्यांनी हातानं सांभाळलं, त्याला नाव मात्र दिलं नाही.

मटकीचंच बघा. रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची आणि ओट्याच्या कोपऱ्यात उबेला ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडली की दाण्यादाण्यातून पांढरी शेपटी डोकावते आणि कच्च्या शेंगेसारखा वास येतो. त्या बांधलेल्या फडक्यात काय घडलेलं असतं? दाणा आपला फॉस्फरस 'फायटेट' नावाच्या रसायनात कुलूपबंद करून ठेवतो. हे फायटेट लोह आणि जस्तालाही धरून बसतं, त्यामुळे न भिजवलेल्या कडधान्यातलं बरंचसं लोह आपल्या आतड्यातून तसंच पुढे निघून जातं. कोंब फुटायच्या वेळी मात्र रोपाला तो फॉस्फरस हवा असतो. मग दाण्यातलंच एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि फायटेट तोडायला लागतं. सोय रोपाची होते, लोह आपल्याला मिळतं.

मोड येताना मटकीत 'क' जीवनसत्त्वही तयार होतं, पण उसळ शिजवली की त्यातलं बरंचसं जातं. ती भर लिंबू काढतं. वनस्पतींतलं लोह शोषायला अवघड अशा रूपात असतं, आणि 'क' जीवनसत्त्व त्याला सोप्या रूपात आणतं. म्हणून लिंबू वरून, खायच्या वेळी पिळायचं. रश्श्याबरोबर उकळायचं नाही. आणि मिसळीनंतर लगेच चहा घेण्याची आपली सवय इथे आड येते. चहातले टॅनिन नावाचे तुरट घटक जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतात. चहा कोरा असला तरी तेच. तास-दीड तास थांबा, एवढं मी सगळ्यांनाच सांगते, बायकांना तर हात जोडून. (तर्रीवरचा तेलाचा तवंग आणि फरसाण रोजचं नव्हे, हेही सांगून टाकते. उसळ रोजची.)

प्रथिनांची काळजी लोक सर्वांत जास्त करतात आणि तिथेच ती सर्वांत कमी लागते. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळींत भरपूर. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्य भरून काढतं. मालेगाव-बागलाणकडे आणि खानदेशात कळण्याची भाकरी करतात, त्यात ज्वारी आणि उडीद एकत्रच दळलेले असतात. दोन्ही अमिनो आम्लं एकाच पिठात! पण ती एकाच घासात मिळायला हवीत असंही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की झालं. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. माझी तक्रार आपल्या वरणाबद्दल आहे. ते पातळ होत चाललंय. वाटीभर पाणीदार वरणात जेमतेम मूठभर डाळ असते, आणि तिच्यातून सहा-सात ग्रॅमच प्रथिनं मिळतात. दूध नसेल तर वरण घट्ट हवं, उसळ वाटीभर हवी आणि भाजीत दाण्याचा कूट सढळ हातानं पडायला हवा.

कॅल्शियमसाठी मी ताईला पेठ-सुरगाण्याची नागली, म्हणजे नाचणी, दाखवली. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तर शंभर ग्रॅम नागलीत साधारण ३५०. न सोललेल्या तिळात हजाराच्याही वर. मात्र आकडा मोठा म्हणजे सगळं अंगी लागतं असं नव्हे. पालकातलं ऑक्झलेट नावाचं रसायन कॅल्शियमला धरून बसतं, म्हणून त्यातलं जेमतेम पाच टक्के कॅल्शियम शोषलं जातं. दुधातलं पंचवीस-तीस टक्के. नागलीतही फायटेट आहेच, म्हणून तिला मोड आणून, वाळवून केलेलं सत्त्व नुसत्या पिठापेक्षा उजवं. त्याबरोबर शेवग्याचा पाला आणि तिळाची चटणी ठेवा. मीठ आयोडीनयुक्त वापरा. सैंधवाच्या हौसेपायी आयोडीन सुटतं. जवस दळूनच खा, अख्खा दाणा बहुतेक वेळा तसाच बाहेर पडतो. 'ड' जीवनसत्त्वासाठी ऊन हवं, आणि तपासणीत ते कमी निघालं तर औषध.

इथपर्यंत ताईचं समाधान झालं होतं. माझंही. आणि इथेच मी चुकले, कारण बी-१२ या जीवनसत्त्वाबद्दल मी भाचीला वेळेवर बजावलं नाही.

बी-१२ कुठलीही वनस्पती बनवत नाही आणि कुठलाही प्राणी बनवत नाही. ते बनवतात फक्त सूक्ष्मजीव. गाईच्या पोटातल्या मोठ्या कप्प्यात जिवाणू चाऱ्यातल्या कोबाल्टपासून ते तयार करतात. पुढे आतड्यात ते शोषलं जातं आणि दुधात उतरतं. तसे जिवाणू आपल्या मोठ्या आतड्यातही असतात. पण बी-१२ शोषून घेण्याची आपली जागा लहान आतड्याच्या शेवटाला आहे, म्हणजे अन्न तिथून पुढे सरकल्यावर ते तयार होतं. त्याचा उपयोग नाही. इडली-ढोकळ्याच्या आंबवणातून किंवा स्पिरुलिनातून ते मिळतं असं सांगणारे भेटतात. त्यावर विसंबू नका. स्पिरुलिनात मुख्यतः त्याचं एक तोतया रूप असतं, ते माणसाला कामाचं नाही.

यकृतात बी-१२चा काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण तो साठा मुळात भरलेला असेल तर! डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३पासून पुण्याजवळच्या गावांत जो अभ्यास केला, त्यात सुमारे दोन-तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळलं. आपल्याकडच्या शाकाहारी घरातली मुलगी दूध सोडते, तेव्हा तिची तिजोरी बहुधा आधीच अर्धी रिकामी असते.

भाचीच्या तळपायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा हिमोग्लोबिन ठीक होतं, म्हणून सगळे निवांत राहिले. यामागे एक जुनी गोष्ट आहे. १९२८मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर यीस्टचा अर्क लागू पडतो, हे त्यांनी दाखवलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट हे 'ब' गटातलं जीवनसत्त्व, हे पुढे कळलं. पालेभाज्या आणि कडधान्यं खाणाऱ्याला फोलेट भरपूर मिळतं. ते बी-१२च्या अभावानं होणारा रक्तक्षय झाकून ठेवतं, पण नसांचं नुकसान थांबवत नाही. रक्त ठीक दिसतं आणि नसा झिजत राहतात. फार उशीर झाला तर ती झीज पूर्ण भरून येत नाही. वीगन आई गरोदर असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असेल, तर हाच अभाव बाळाच्या वाढत्या मेंदूपर्यंत पोचतो. तिथे एक दिवसही चालढकल नको.

उपाय स्वस्त आहे : गोळी. गरज दिवसाला दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम, मग आठवड्याची गोळी २००० मायक्रोग्रॅमची कशाला? जठरातून येणारं एक प्रथिन बी-१२ला आतड्यातून आत नेतं, आणि ते एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेऊ शकतं. उरलेल्यातला साधारण एक टक्का आपोआप झिरपतो. २०००तले वीस झिरपले की आठवडा निघतो. गोळीतलं बी-१२ जिवाणूंपासूनच आंबवून काढलेलं असतं, त्यामुळे वीगन माणसालाही ते चालतं. फक्त जिलेटिनची कॅप्सूल टाळायची, ते प्राण्यांपासून काढतात. आधीच कमी असेल तर मात्रा डॉक्टरांनी ठरवायची.

भाचीच्या मुंग्या इंजेक्शनांनंतर काही महिन्यांत गेल्या. तिच्याबरोबर मी ताईलाही तपासायला लावलं. ताई रोज दोन कप दूध पिते, पण मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते, आणि ते औषध बी-१२चं शोषण कमी करतं. तिचा आकडा लेकीपेक्षाही खाली निघाला. आता दोघींच्या गोळ्या मिसळणाच्या डब्याशेजारी एकाच बरणीत असतात.