वजाबाकीने ऐकलेला मेंदू

कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद 1840च्या दशकापासून होत होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होतं, म्हणून 1904 मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. गोंगाटापासून लांब जायचं, हा सरळ उपाय. पण माणसाच्या मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं असेल, तर रुग्णालय उचलून कुठे नेणार?

मेंदूतल्या विद्युतप्रवाहांमुळे डोक्याबाहेर जेमतेम 100 फेम्टोटेस्लाचं क्षेत्र उमटतं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, फेम्टोटेस्ला हा त्याचा दहा कोटी कोटीवा भाग). आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र सुमारे 40 मायक्रोटेस्ला (टेस्लाचे दशलक्षांश), म्हणजे त्याच्या चाळीस कोटी पट. शिवाय लिफ्ट, गाड्या, विजेच्या तारा आहेतच.

इतकं सूक्ष्म क्षेत्र टिपते ती काचेच्या इवल्याशा कुपीतली रुबिडियम या धातूची वाफ. 795 नॅनोमीटर तरंगलांबीचा, वर्तुळाकार ध्रुवित (कंपनाची दिशा गोल फिरत राहणारा) लेसर तिच्यातून सोडला की अणूंचे स्पिन, म्हणजे त्यांच्यातल्या जणू इवल्या चुंबकसुया, कवायतीला उभे राहिल्यासारखे एका दिशेने वळतात. असे वळलेले अणू प्रकाश शोषत नाहीत, त्यामुळे वाफ पारदर्शक होते. जरासं चुंबकीय क्षेत्र आलं की स्पिन कलतात, वाफ पुन्हा प्रकाश शोषू लागते आणि पलीकडच्या संवेदकावरचा उजेड घटतो. मोजायचा तो हा घटलेला उजेड.

अडचण अणूंच्या टकरींची. टक्कर झाली की स्पिनची अदलाबदल होते आणि शिस्त मोडते. मग टकरी कमी कराव्यात ना? नाही, उलट वाढवायच्या! कुपी 150 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली आणि भोवतालचं क्षेत्र जवळजवळ शून्यावर आणलं, तर टकरी इतक्या झपाट्याने होतात की दोन टकरींच्या मध्ये अणूंना विस्कटायला सवडच मिळत नाही. हॅपर आणि टँग या भौतिकशास्त्रज्ञांनी हे 1973 मध्ये दाखवलं. प्रिन्स्टनच्या रोमालिस यांच्या गटाने 2003 मध्ये याच युक्तीने एका फेम्टोटेस्लाच्याही खालची संवेदनशीलता गाठली. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

तरी गोंगाट उरतोच, आणि तिथे वजाबाकी कामी येते. काही सेंटिमीटर अंतरावर दोन कुप्या ठेवायच्या. रस्त्यावरच्या ट्रकचं क्षेत्र दोन्हींना जवळपास सारखंच जाणवतं, ते वजा होतं. मेंदू मात्र एका कुपीला खेटून असतो, त्याचा फरक शिल्लक राहतो. अर्थात दोन कुप्यांचा प्रतिसाद एक टक्क्याने जरी वेगळा असला, तरी गोंगाटाचा तेवढा वाटा मागे उरतो. मेंदूच्या खोल भागातले संकेतही या वजाबाकीत थोडे पुसले जातात. म्हणून चुंबकीय कवच असलेली खोली अजून सुटलेली नाही.

मेंदूचं क्षेत्र मोजणाऱ्या जुन्या, अतिवाहकावर चालणाऱ्या स्क्विड यंत्रांना उणे 269 अंशांचं द्रवरूप हेलियम लागतं. त्यांचं शिरस्त्राण मोठ्यांच्या डोक्याच्या मापाचं, जागचं न हलणारं असतं. रुबिडियमच्या या कुप्या मात्र थेट डोक्याच्या कातडीजवळ बसतात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी 2018 मध्ये त्या डोक्यावर घालायच्या साच्यात बसवल्या आणि खोलीत उरलेलं क्षेत्र विजेच्या तारांच्या वेटोळ्यांनी खोडून काढलं. माणूस मान डोलावत होता, पेय पीत होता, चेंडू खेळत होता, आणि मोजणी चालू होती. अपस्मार असलेल्या लहान मुलांच्या तपासणीत, जिथे मूल निश्चल बसणं अशक्यच, हे तंत्र सर्वांत आधी पोचायला हवं.